रविवारची नावं

बाबा,

नवीन पोप निवडले गेल्याची बातमी मला आरोग्य केंद्रात कळली. मे महिना, लसीकरणाचा दिवस, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता आणि मी लशींच्या पेटीतला बर्फ किती उरलाय ते बघत होते. माझ्या हाताखालच्या नर्सनं मोबाईल पुढे धरला. "मॅडम, हे पाहा ना, धुराड्यातून पांढरा धूर निघून राह्यला आन् लोक टाळ्या वाजवून राह्यले. धूर पाहून कोणी टाळ्या वाजवते काय?" मी तिला सांगितलं, की आत बसलेले लोक मतं देतात, मग त्या चिठ्ठ्या जाळतात, काळा धूर निघाला तर अजून ठरलं नाही, पांढरा निघाला तर ठरलं. "तुमाले कसं माहीत हे सारं?" मी म्हटलं, कधीतरी टीव्हीवर पाहिलं होतं. वीस वर्षं झाली, बाबा, मी लोकांना असंच काहीतरी सांगत आलेय आणि आता खोटं बोलतोय असं वाटतसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी येऊन पाय वर करून बसले आणि फोन उघडला. नागपूरच्या चुलतभावानं मला न विचारता आपल्या मिशनकडच्या जुन्या घरांच्या ग्रुपमध्ये टाकून ठेवलंय. एरवी मी तिथे फक्त कोण वारलं ते बघते. त्या दिवशी मात्र खूप काही येत होतं. कोणी हात जोडलेले, कोणी मेणबत्ती. एकानं विचारलं, आता तरी आपल्या जातीच्या दाखल्याचं काही होईल काय. त्याला दुसऱ्यानं लिहिलं, तो रोमचा पोप आहे भाऊ, तहसीलदार नाही. पुण्याला गेलेल्या एकीनं लिहिलं, की आम्ही आता दुसऱ्या चर्चला जातो, तिथे गाणी फार छान होतात, पण नवीन पोपना शुभेच्छा. आणि शेवटी आपल्या गावच्या कोणीतरी लिहिलं, पोप आले काय न् गेले काय, आपल्या चर्चच्या टिनाची भोकं तशीच आहेत. मला हसू आलं. मग उगाच रडूही आलं, आणि ते का आलं ते मला चांगलं माहीत होतं, म्हणून हे लिहायला बसले.

वीस वर्षांपूर्वी तुमचे जुने पोप गेले ते वर्ष तुम्हाला आठवत असेल, म्हणजे जिथे आहात तिथे काही आठवत असेल तर. एप्रिल सुरू झाला होता, बाबासाहेबांची जयंती दहाबारा दिवसांवर आली होती, वस्तीत निळ्या पताका लागत होत्या. तुम्ही सकाळच्या रेडिओवर बातमी ऐकली आणि अंगणात जाऊन उभे राहिलात. आईनं विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "आपला म्हातारा गेला." आईला वाटलं तुमचे काका गेले, तिनं चुलीवरचा तवा उतरवूनसुद्धा ठेवला. नंतर कळल्यावर तिनं तो पुन्हा चढवला आणि म्हणाली, "बापा! मले वाटलं घरचंच कोणी." "घरचाच होता," तुम्ही म्हणालात. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलं होतं, मिशनच्या लोकांसोबत रेल्वेनं पुण्याला जाऊन, एवढ्या लांबून की पांढऱ्या कपड्याशिवाय काहीच दिसलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्याबद्दल नेहमी ओळखीच्या माणसासारखं बोलायचात. अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही चौकातल्या हॉटेलात टीव्हीसमोर उभे होतात. हॉटेलवाल्यानं तुमच्यासाठी क्रिकेट बंद केलं होतं आणि पोट्टे कुरकुरत होते. तुम्हाला बाकावर बसा म्हटलं तरी बसला नाहीत. आणि त्यानंतर लगेच जयंतीच्या मिरवणुकीतही तुम्ही दरवर्षीसारखे चालत गेलात, पांढरा सदरा घालून. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आता वाटतं, अशी माणसं परत होणार नाहीत.

नवीन पोप आले तेव्हा वस्तीत त्यांच्याबद्दल जे काही बोललं गेलं ते मी आजही विसरलेले नाही. आपल्या मागच्या घरातली सुईण आजी, जिनं मला या जगात ओढून काढलं, ती हॉटेलातला फोटो बघून आली आणि तुम्हालाच जाब विचारू लागली. "एक म्हातारा गेला त दुसरा म्हाताराच आणला काय, मास्तर? जवान कोणी भेटला नाही?" तुम्ही तिला म्हणालात, "मावशी, तिथं अनुभव पाहतात." ती म्हणाली, "अनुभव त मलेबी आहे." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण पुढच्या रविवारी प्रार्थनेला उभे राहिलात तेव्हा नाव मात्र जुन्याच पोपचं घेतलंत. त्यांना चांगलं आरोग्य दे, दीर्घायुष्य दे. मला वाटलं, सवय आहे, जाईल.

हे लिहिताना मी क्षणभर थांबले. माझ्या मुलांना यातलं काही ठाऊक नाही, आणि कधी त्यांच्या हाती हे पडलं तर त्यांना कळावं म्हणून सांगते. आपलं चर्च म्हणजे विटांच्या भिंती, वर टिनं, खाली शेणानं सारवलेली जमीन. मिशनचे फादर महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार तुमचे. तुम्ही कॅटेकिस्ट होतात, धर्मशिक्षक, पण सगळं गाव तुम्हाला मास्तरच म्हणायचं. शास्त्र वाचायचं, गाणं म्हणायचं, जपमाळ म्हणायची, आणि शेवटी तुम्ही शंभर पानी वही काढायचात. आधी पोप, मग बिशप, मग फादर, आणि मग गावातलं एकेक घर. घरातल्या लहानथोर सगळ्यांची नावं. दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये अशी पद्धत मी पाहिली नाही, ती आजोबांनी सुरू केली होती. बाकीची वस्ती छप्पन्ननंतर बुद्धाकडे गेली तेव्हा जी थोडी घरं राहिली त्यांची नावं ते दर रविवारी मोठ्यानं वाचायचे, म्हणजे कोण आहे ते देवाला आणि एकमेकांना कळावं. तुम्ही ती वही पुढे चालवलीत. फरक एवढाच, की तुमच्या काळात त्यातली निम्मी घरं एकेक करून निघून गेली. काही जयभीमकडे गेली, कारण पोरांना दाखला हवा होता आणि कारण तिथे आपली माणसं जास्त होती. काही वेशीबाहेर नवीन झालेल्या हॉलमध्ये जाऊ लागली, जिथे टाळ्या वाजवून प्रार्थना करतात आणि आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आपण त्यांना टाळ्यावाले म्हणायचो. काही शेत सोडून सुरतेला, पुण्याला गेली. ती वर्षंच तशी होती. कापसानं माणसांची दैना केली होती, आणि कोणाच्या घरातून रडारड ऐकू आली की आपण आधी फवारणीचा डबा जागेवर आहे का ते विचारायचो. अशा दिवसांत ज्याला जिथे धीर मिळाला तिथे तो गेला. तुम्ही कोणाला अडवलं नाहीत. फक्त वहीतून कोणाचं नाव काढलं नाहीत. समोर चटईवर दहाबारा माणसं बसलेली असायची आणि तुम्ही दीडशे माणसांची नावं वाचायचात. आम्ही तरण्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायचो. टाळ्यावाल्यांच्या हॉलमधून ढोलकीचा आवाज यायचा आणि इकडे तुम्ही त्याच हॉलमध्ये बसलेल्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन मागणं मागत असायचात.

जून संपता संपता माझी नर्सची ऑर्डर आली. राखीव जागेवर. शाळेत घालताना गुरुजींनी माझ्या दाखल्यावर जात महार लिहिली होती आणि धर्माच्या रकान्यात स्वतःच हिंदू लिहून टाकलं होतं, तुम्हाला न विचारता. तुम्हीही नंतर कधी ते बदलायला गेला नाहीत, वेळ मिळाला नाही म्हणा किंवा काय ते. त्याच वस्तीतल्या, त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना बौद्ध म्हणून जातीचा कागद मिळत होता आणि ख्रिश्चन म्हटलं की सवलत संपली. गुरुजींनी लिहिलेल्या त्या एका शब्दावर माझी नोकरी होती. आणि नोकरी कायम व्हायची तर जातीची पडताळणी व्हायची होती, म्हणजे समितीचा माणूस गावात येऊन शेजारपाजाऱ्यांना विचारणार, ही मुलगी कोणाची, घरात काय पाळतात, कुठे जातात. मला माणसांची भीती नव्हती. वस्तीतलं कोणी माझं वाईट करणार नव्हतं. पण दर रविवारी माझं नाव चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं जातं हे आपल्या वस्तीत कुत्र्यामांजरालाही माहीत होतं. कोणी साधेपणानं बोलून जाईल आणि झालं.

सकाळची वेळ. तुम्ही चुलीपुढे बसून चहाला आधण ठेवलंय, आई पेरणीच्या गड्यांची भाकर बांधतेय. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे, आत येत नाही. मी म्हणते, "बाबा, रविवारी माहं नाव नका घेऊ." तुम्ही वर न बघता विचारता, "कायचं?" मी म्हणते, "वहीतलं. पडताळणीचा माणूस येईन. कागद आला की मंग घ्या पाहिजे तं." तुम्ही पातेल्यात पत्ती टाकता. आई माझ्याकडे बघते, तुमच्याकडे बघते, आणि तिच्यातल्या व्यवहारी बाईला जे सुचतं ते बोलते, "बरोबर बोलून राह्यली ते. एका नावानं काय होते?" तुम्ही चहा गाळून मला कप देता. "कडक झाला," एवढंच म्हणता. मी तो चहा उभ्यानंच प्यायले. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं, मी तयारी करून आले होते. सगळी उत्तरं माझ्याकडे होती. ती तशीच राहिली.

मला वाटलं होतं तुम्ही वाचताना सहज पुढे जाल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण तुम्ही चाळीस वर्षं त्याच चालीत ती नावं घेत होतात. आपलं घर शेवटी यायचं. तुम्ही आईचं नाव घेतलंत, दादाचं घेतलंत, आणि थांबलात. माझं नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच थांबलात आणि मग "आमेन" म्हणालात. सुईण आजी अर्धवट झोपेत असायची, पण तिला त्या चालीतला खड्डा लागला. ती चटईवरूनच ओरडली, "मास्तर, पोरीचं राह्यलं ना!" तुम्ही वही मिटलीत. "नाही राह्यलं," तुम्ही म्हणालात. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी पदराशी खेळत खाली बघत बसले. ज्यांनी चर्चचं तोंड दहा वर्षांत पाहिलं नव्हतं, त्यांची नावं वाचली गेली. एक पोप, जे जाऊन तीन महिने झाले होते, त्यांना दीर्घायुष्य मागितलं गेलं. आणि समोर बसलेल्या मुलीचं नाव नव्हतं.

पुढचे दिवस कसे गेले ते तुम्ही पाहिलंत. मास्तरानं पोरीचं नाव काढलं म्हणजे पोरीनं काहीतरी मोठं केलं असणार. आणि पोरगी मोठं काय करते, ते लोकांना लगेच समजतं. आजी एकदा मला नळावर गाठून म्हणाली, "काय करून ठेवलं व तू? कोणाचा आहे तो? सांग मले, मी मास्तराले समजावतो." मी म्हटलं, "तसं काही नाही, आजी." ती म्हणाली, "मंग कायले काढलं तुले?" आई दोन दिवस निंदण सोडून घरात बसली, कारण शेतातल्या बायका तिला खोदून विचारायच्या. तुम्हाला एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. नोकरीसाठी काढलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते म्हटलं असतं तर ते बोलणं पडताळणीच्या माणसापर्यंत गेलं असतं, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या मुलींची लग्नं जुळवली, त्याच्या मुलीबद्दल लोक काय वाटेल ते बोलत होते आणि तो रविवारी त्या लोकांच्या नावानं प्रार्थना करत होता. मला तेव्हा तुमचा राग यायचा, बाबा. मला वाटायचं तुम्ही मुद्दाम थांबलात, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं केलंत. आता मला वाटतं तुम्हाला दुसरं काही येतच नव्हतं.

तो माणूस आला ऑक्टोबरात. मी तेव्हा उपकेंद्रात रुजू झाले होते, नंतर आईकडून कळलं. त्यानं वस्तीत दोनतीन घरी विचारलं आणि सुईण आजीकडेही गेला. चर्च दिसलं असणार, कारण त्यानं सरळ विचारलं, की ही मुलगी तिथे जाते का. आजीनं त्याला ठसक्यात सांगितलं, "कुठची जाते? मास्तर तिचं नावबी घेत नाही. साऱ्याईचं घेते, तिचं नाही घेत." तिला वाटलं ती माझी तक्रार करतेय. त्या माणसानं ते लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. माझी नोकरी त्या म्हातारीच्या रागावर टिकली. आजपर्यंत मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

मिशनला त्याच पावसाळ्यात नवीन फादर आले होते. केरळचे, तरुण, मोटारसायकलवर येणारे. त्यांनी तुमच्याबद्दल आधीच काहीबाही ऐकलं होतं. चर्चच्या सणाला ते आले तेव्हा मीही रजा काढून आले होते, कारण न येण्यानं बोलणं वाढलं असतं. मिस्सा, म्हणजे फादरांची मुख्य उपासना, झाली, त्यांनी प्रार्थना तुम्हाला वाचायला सांगितली, आणि तुम्ही सवयीनं जुन्या पोपचं नाव घेऊन आरोग्य मागितलंत. फादरांनी तुम्हाला तिथेच थांबवलं. "मास्टर, ते मरण पावले आहेत. मेलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना आहे. आता नवीन पोप आहेत." तुम्ही मान हलवलीत आणि नवीन नाव त्याच्या पुढे जोडलंत, जुनं न काढता. चटईवर कोणीतरी खुदकन हसलं. जेवणं झाल्यावर फादरांनी वही मागून घेतली आणि बाहेर कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून पानं उलटली. तुम्ही बाजूला उभे. मी ताटं गोळा करत होते, सगळं ऐकू येत होतं. फादर चांगल्या मनाचे होते, हेही लिहिलं पाहिजे. त्यांना बिशपांना खरी यादी द्यायची होती. "मास्टर, ये जो लोग चले गये, बौद्ध झाले, त्या हॉलमध्ये गेले, त्यांची नावं का आहेत? जे येतात त्यांचीच ठेवा ना." तुम्ही म्हणालात, "नाही फादर." आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही फादरला नाही म्हटलेलं मी ऐकलं. फादरही गडबडले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्ही स्वतःच्या मुलीचं नाव तर काढलं. लोक सांगतात. मग ह्यांचं का नाही?" माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं. तुम्ही म्हणालात, "ते गेले, पण माहं नाव काढा असं त्याईनं मले कधी सांगतलं नाही. हिनं सांगतलं." फादरांनी वही मिटली. मग थोडं हसून म्हणाले, "आणि पोप?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "त्यानंबी नाही सांगतलं."

फादर मोठ्यानं हसले, त्यांच्यासोबतच्या मिशनच्या सिस्टर, म्हणजे नन, हसल्या, आणि विषय तिथेच मिटला. मी ताटं घेऊन विहिरीवर गेले आणि राख घेऊन घासत बसले, घासून झालेली पुन्हा घासली. माझ्याकडे तेव्हाही सगळी उत्तरं होती. पोट होतं, पगार होता, दादाचं शिक्षण होतं. पण तुम्ही काही विचारलंच नव्हतं. तुम्ही फक्त खरं सांगितलं होतं, तेही मला ऐकू यावं म्हणून नाही. इतकी वर्षं मी पेशंटना काय काय सांगते, वाईट बातम्याही सांगते, पण माझ्याबद्दल कोणी इतकं सरळ बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही.

होळीच्या आधी तुम्ही गेलात, वेचणीचा शेवटचा कापूस अजून अंगणात पडलेला. पुरताना फादरांनी प्रार्थना म्हटली. वही कोणी वाचली नाही. नंतर रविवारची प्रार्थना सिस्टर घेऊ लागल्या आणि त्यांनी जे येतात तेवढ्यांचीच नावं ठेवली, मग तीही बंद झाली. चर्च मात्र बंद पडलं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. मागच्या नाताळात मी ड्युटीवरून येताना गाडी थांबवली आणि बाहेरूनच पाहिलं. आत माणूस मावत नव्हतं. पण आपल्यातलं एकही तोंड नव्हतं. मुकुटबनकडच्या खाणींवर कामाला आलेली झारखंडची माणसं, त्यांच्या बायका, केसात फुलं माळलेल्या, हिंदीत गाणी म्हणत होत्या, आणि झरीकडच्या जंगलातली कोलाम आदिवासींची काही घरं. फादरही नवीन, तेही झारखंडचेच. एका बाईनं मला दारात बघून जागा केली आणि म्हणाली, "आओ दीदी, अंदर आओ." मी म्हटलं, नाही, मला घाई आहे. मी कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं आणि मला ते बरं वाटलं. टिनाची भोकं खरंच तशीच आहेत. पाऊस आला की तिथे कोण कुठे बसतं, ते बघायला हवं.

आता जे सांगायचं होतं त्याच्याकडे येते, एवढा वेळ त्याला टाळत होते. जानेवारीत तुम्ही मला भेटायला उपकेंद्रावर आला होतात. एसटीनं, एकटे, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. त्या दिवशी ओपीडीला गर्दी होती, तुम्ही तासभर बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिलात, आणि मी तुम्हाला बाकीच्यांसारखंच आत बोलावलं. तुम्ही शेंगा टेबलावर ठेवल्यात, इकडचं तिकडचं विचारलंत, आणि उठताना दारात थांबून विचारलंत, "कागद आला काय व?" मी म्हटलं, "नाही अजून." तुम्ही म्हणालात, "येईन येईन. घाई नाही." आणि एसटी गाठायला निघालात, आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पडताळणीचा कागद येऊन आठ दिवस झाले होते, बाबा. माझ्या टेबलाच्या खणात होता. मी "आला" म्हटलं असतं तर तुम्ही येत्या रविवारी माझं नाव घेतलं असतं, आणि मला ते नको होतं. भीती संपली होती, पडताळणीचा माणूस पुन्हा येणार नव्हता, कोणी काही म्हणणार नव्हतं. मला फक्त नको होतं. रविवारी सकाळी कोणी आपली वाट बघत नाही, हे मला तोवर आवडू लागलं होतं. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, तुमच्या कबरीवर ठेवणार नाही, त्या ग्रुपमध्ये तर नाहीच. पण तुम्ही तो कागद यायची वाट बघत गेलात, हे मला माहीत आहे.